जुन्या यंत्रांना नव्या बॅटऱ्या

सुताराच्या हातांतील बॅटरीवर चालणारें ड्रिल मशीन एके दिवशीं मध्येंच बसतें. स्वयंपाकघराच्या कपाटाला आठ भोकें पाडावयाचीं असतात; तिसऱ्या भोकालाच यंत्राचा आवाज उतरूं लागतो आणि चौथें भोक अर्धवट राहतें. बॅटरी तर रात्रभर चार्जरवर ठेवलेली होती. जोडीची दुसरी बॅटरी लावून पाहावी, तर तिचीहि तीच गत. यंत्राची मोटर शाबूत आहे, आंतील दांतेरी चाकें शाबूत आहेत, टोंक पकडणारा जबडा अजून घट्ट आवळतो; दहा-बारा वर्षांच्या वापरानें मूठ तेवढी गुळगुळीत झाली आहे. सुतार त्या दोन बॅटऱ्या घेऊन दुकानांत जातो. दुकानदार त्या उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, “मिस्त्री, हें मॉडेल कंपनीनें केव्हांच बंद केलें. ही बॅटरी आतां यायची नाहीं. नवीन मशीन घेऊन टाका.” नवें मशीन म्हणजे मिस्त्रीची कित्येक दिवसांची मजुरी, आणि तें आणीपर्यंत कपाट तसेंच उघडें, घरमालकीण रोज दाराशीं उभी.

दुकानदाराचें म्हणणें खोटें नसतें. पण तें अर्धेंच खरें असतें. त्या आकाराची, त्या खांचेंत बसणारी, त्या नांवाची बॅटरी येत नाहीं, एवढें खरें. परंतु तिच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत जें भरलेलें असतें तें बहुधा त्या कंपनीनें बनविलेलेंच नसतें, आणि तें बंदहि झालेलें नसतें. हा प्रसंग केवळ सुतारावरच येतो असें नाहीं. चार स्क्रू स्वतःच्या हातानें बसविण्याची ज्यांना हौस आहे अशा पुष्कळ घरांच्या माळ्यावर असें एखादें निरोगी पण निर्जीव यंत्र पडलेलें असतें. भंगारवाला तें वजनावर नेतो.

व्यवहारांत जिला बॅटरी म्हणतात ती खरोखर एक वस्तु नव्हेच. ती एक रांग आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं असा डबा कधीं उघडला नसेल त्यांनीं एवढेंच डोळ्यांसमोर आणावें कीं, तळाचे स्क्रू काढून झांकण उचललें म्हणजे आंत नळकांड्यासारखे सेल एकमेकांना चिकटून उभे असतात. प्रत्येक सेल सुमारें २३ मिलिमीटर रुंद आणि ४३ मिलिमीटर उंच. व्यापारांत या मापाला ‘सब-सी’ म्हणतात. निकेल व कॅडमियम या दोन धातूंच्या अशा एका सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो. एकाचें धन टोंक दुसऱ्याच्या ऋण टोंकाला, त्याचें तिसऱ्याला, असे ते निकेलच्या पातळ पट्ट्यांनीं जोडलेले असतात, म्हणून त्यांच्या दाबांची बेरीज होते. ९.६ व्होल्टच्या बॅटरींत ८ सेल, १२ व्होल्टच्या बॅटरींत १०, १४.४ च्या बॅटरींत १२ आणि १८ च्या बॅटरींत १५. डब्यावर छापलेल्या व्होल्टांना १.२ नें भागलें कीं डबा न उघडतांहि आंत किती सेल आहेत तें कळतें. इंग्रजी तिसरींतील मुलालाहि जमेल असा हा भागाकार दुकानदार मात्र सहसा कोणाला सांगत नाहीं.

या सेलांच्या मधोमध एक वाटाण्याएवढा किंवा चपट्या बियेएवढा भाग चिकटविलेला असतो. तो उष्णता ओळखणारा पहारेकरी होय. सेल प्रमाणाबाहेर तापले तर तो प्रवाह तोडतो, किंवा चार्जरला तशी वर्दी देतो. डबा उघडणारे पुष्कळ लोक त्याला कचरा समजून कापून टाकतात. तो कापूं नये. कां, तें पुढें येईल.

मग कंपन्या बॅटऱ्या बंद कां करतात? यांत नेहमींच लबाडी असते असें नाहीं. निकेल-कॅडमियमचा सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यानें १८९९ मध्यें तयार केला. पूर्ण मिटलेला, आडवा-तिडवा कसाहि धरतां येईल असा सेल १९४७ च्या सुमारास साधला, आणि तेव्हांच तो हातांतील यंत्रांत बसण्याजोगा झाला. अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर या कंपनीनें तारेवांचून चालणारें ड्रिल १९६१ मध्यें बाजारांत आणलें. दहा वर्षांनीं, १९७१ मध्यें, अपोलो १५ च्या अंतराळवीरांनीं चंद्राच्या पृष्ठभागांत भोकें पाडलीं तींहि बॅटरीवरच्या ड्रिलनेंच. त्या ड्रिलची बॅटरी बदलण्याचा प्रश्न अर्थात् कोणापुढें आला नाहीं. पृथ्वीवर मात्र तो येतच राहिला. १९९० च्या आसपास निकेल-मेटल-हायड्राइड हा नवा सेल आला. १९९१ मध्यें सोनी कंपनीनें लिथियम-आयन सेल विक्रीस काढला, आणि २००५ च्या सुमारास जड कामाच्या हातयंत्रांतहि लिथियम शिरला. कॅडमियम विषारी असल्यामुळें युरोपियन संघानें २००६ मध्यें लहान बॅटऱ्यांतून त्याला हद्दपार केलें. हातयंत्रांना सवलत दिली होती, तीहि ३१ डिसेंबर २०१६ रोजीं संपली. प्रत्येक नव्या सेलबरोबर डब्याची खांच बदलली, चार्जर बदलला, आणि जुन्या खांचेचीं यंत्रें पोरकीं झालीं. जुन्या चार्जरवर नवा सेल कोणी चुकून लावूं नये म्हणून खांच बदलणें कांहीं अंशीं आवश्यकहि होतें. पण कांहीं अंशींच. कारण एकाच जातीच्या, एकाच व्होल्टच्या दोन कंपन्यांच्या बॅटऱ्या एकमेकींच्या यंत्रांत बसत नाहींत, त्याला शास्त्रांत कारण शोधून सांपडत नाहीं.

आतां बॅटरी मरते म्हणजे नेमकें काय होतें, तेथें थोडें थांबावयास हवें. कारण पुढील सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. दहा सेलांची बॅटरी मरते तेव्हां दहाहि सेल एकदम मरत नाहींत. बहुधा एक मरतो, फार तर दोन, आणि ते बाकीच्यांना घेऊन बुडतात.

देशावरच्या काळ्या रानांत खोल नांगरटीसाठीं एका नांगराला चार-चार जोड्या जुंपीत असत. त्यांत एक बैल अशक्त असला तर काय होई, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला बॅटरीचें शास्त्र निराळें शिकवावें लागणार नाहीं. सकाळीं आठहि सारखे ओढतात. दुपारीं तो एक दमतो. पण जूं मानेवर असल्यामुळें त्याला थांबतां येत नाहीं. बाकीचे सात पुढें चालत असतात, आणि तो आतां ओढीत नसून ओढला जात असतो. संध्याकाळीं त्याची मान सुजते, आणि दुसऱ्या दिवशीं तो दुपारच्याहि आधीं दमतो.

सेलांच्या रांगेंत हेंच घडतें. रांगेंतील सर्व सेलांतून एकच प्रवाह वाहत असतो. समजा, नऊ सेलांत १३०० मिलिअँपिअर-तास इतका सांठा आहे आणि दहाव्यांत ८०० च. आठशें संपेपर्यंत यंत्र झोकांत चालतें. मग दहावा रिकामा होतो. पण उरलेल्या नवांचा प्रवाह त्याच्यांतून जातच राहतो. रिकाम्या सेलमधून असा जबरदस्तीचा प्रवाह गेला कीं त्याचें धन टोंक ऋण होतें व ऋण टोंक धन होतें. आंत वायु सांचतो, दाब वाढतो, झांकणाची झडप उघडून वायूबरोबर ओलावा बाहेर जातो, आणि तो सेल थोडा अधिक कोरडा होतो. मग चार्ज करतांना याच्या उलट मार बसतो. ज्याच्यांत सांठा कमी तो सर्वांच्या आधीं भरतो, पण बाकीच्यांचें पोट भरेपर्यंत त्यालाहि खातच राहावें लागतें. म्हणून तो तापतो. एकीकडून उपासमार आणि दुसरीकडून अतिभोजन, असें पंचवीस-पन्नास वेळां झालें कीं तो संपतो. उघडलेल्या डब्यांत एखाद्या सेलच्या डोक्यावर मिठासारखा पांढरा थर दिसला, तर झडपेंतून बाहेर आलेल्या क्षाराचाच तो अवशेष होय. त्याला उघडें बोट लावूं नये. लिंबाच्या रसांत किंवा शिरक्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसावा.

यावरून एक गोष्ट लक्षांत येईल. यंत्राचा आवाज उतरूं लागला असतां “अजून थोडी आहे” असें म्हणून जो खटका दाबून धरतो, तो शेवटचा स्क्रू बसवून घेतो खरा. पण त्या एका स्क्रूची किंमत अशक्त सेल भरतो. आवाज उतरला कीं थांबावें. बॅटऱ्यांना ‘स्मृति’ असते, म्हणून त्या पूर्ण पिळून रिकाम्या कराव्यात, असा जो समज घरोघर पसरला आहे, त्यानें फार बॅटऱ्या मारल्या आहेत. ठरावीक मर्यादेपर्यंतच, तीच तीच पुनःपुन्हां रिकामी केलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी त्या मर्यादेशीं ढिली पडते, हें कृत्रिम उपग्रहांत दिसून आलें होतें; तेथें यंत्र घड्याळाच्या कांट्यासारखें तेवढाच प्रवाह घेत असे. सुताराच्या हातांत दोन दिवस कधीं सारखे जात नाहींत. त्याच्या बॅटरीला स्मृतीचा रोग होण्याचा संभव फार थोडा.

वर्षभर न वापरतां पडलेली बॅटरी मात्र निराळ्या प्रकारें मरते. आंतल्या आंत धातूचे केंसासारखे तंतू वाढून दोन पत्र्यांना जोडतात, आणि सेलचा दाब शून्यावर येतो. अशा सेलला दुसऱ्या मोठ्या बॅटरीचा क्षणभर चटका देऊन तो तंतू जाळतात. सेल उठतोहि. परंतु हें मांत्रिकानें रोग्याला उठवून बसविण्यासारखें आहे. चार दिवसांनीं तंतू पुन्हां वाढतो, आणि चटका देतांना सेल फुटून डोळ्याला इजा होण्याचें भय असतें तें निराळेंच.

कोणता सेल अशक्त हें ओळखण्याची रीत सोपी आहे. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून डबा उघडावा, आणि तिच्या दोन टोंकांना मोटारीच्या पुढच्या दिव्याचा ६० वॅटचा बल्ब जोडावा. बल्ब सुमारें ५ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे १३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पंधरा मिनिटें तरी टिकावयास हवी. बल्ब फार तापतो, तो फरशीवर ठेवावा. मग मल्टिमीटरचीं दोन टोंकें एकेका सेलला लावीत जावें. बहुतेक सेल १.२ च्या आसपास असतांना एखादा १ व्होल्टच्या खालीं घसरला कीं तोच अशक्त बैल. तो सांपडल्याबरोबर बल्ब काढावा.

येथें मनुष्य पहिल्या मोहांत पडतो. दहांतला एकच वाईट, तर एकच नवा घालावा, असें त्याला वाटतें. पण नव्या सेलचा सांठा सर्वांत मोठा असतो, आणि उरलेल्या नऊ म्हाताऱ्यांत आतां जो सर्वांत अशक्त असेल तो दुसऱ्या महिन्यांत त्याच रस्त्यानें जातो. डबा उघडावा, एक सेल घालावा, बंद करावा, पुन्हां उघडावा, असा हा खेळ चालतो, आणि शेवटीं सर्व सेलांचे पैसे जाऊनहि बॅटरी कधीं चांगली चालत नाहीं. दोन बॅटऱ्या असतील तर त्यांच्या वीस सेलांतून दहा बरे निवडून एक बॅटरी बांधणें त्यापेक्षां शहाणपणाचें. सारख्या वयाचे, सारखे झिजलेले सेल एकमेकांना सांभाळून घेतात. हातचें काम पुरें होईपर्यंत ही जोडणी पुरते. कायमचा उपाय म्हणजे सर्वच्या सर्व सेल नवे, एका जातीचे, एका सांठ्याचे आणि शक्य तर एकाच खोक्यांतील घेणें.

सेल घेतांना त्यावर छापलेला सांठाच तेवढा पाहून भागत नाहीं. ड्रिलची मोटर लांकडांत अडली म्हणजे वीस-तीस अँपिअर प्रवाह मागते. बागेंतल्या दिव्यासाठीं बनविलेला त्याच मापाचा सेल तो देऊं शकत नाहीं. तेव्हां हत्यारांसाठीं आहे असें सांगून सेल मागावा. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, व पुण्यास पासोड्या विठोबाच्या बाजूस विद्युत् सामानाचीं जीं दुकानें आहेत तेथें चौकशी केल्यास मार्ग सांपडतो.

सेल जोडण्याची रीत हा या सर्व कामांतील सर्वांत नाजूक भाग होय. रेडिओ दुरुस्तीचा ज्याला थोडा हात आहे तो लगेच डाख देण्याची कावी तापवितो. ही मोठी चूक. सेलच्या धन टोंकाखालीं झडप व प्लॅस्टिकची मिटणी असते, आणि डाख धरण्याइतका सेलचा पत्रा तापला कीं ती मिटणी वितळते. सेल त्या दिवशीं चांगला दिसतो, आणि चार महिन्यांनीं गळूं लागतो. कारखान्यांत निकेलची पट्टी सेलवर दाबून सेकंदाच्या कांहीं हजारांश भागापुरता शेंकडों अँपिअरचा झटका देतात. पट्टी एका टांचणीच्या डोक्याएवढ्या जागीं सेलला वितळून चिकटते, आणि बाकीचा सेल थंडच राहतो. हें स्पॉट वेल्डिंगचें यंत्र आतां लहान दुकानांतहि असतें. तें जवळ नसेल तर पट्ट्या आधींच चिकटविलेले सेल विकत मिळतात. त्यांची पट्टी दुसऱ्या सेलच्या पट्टीला, सेलच्या अंगापासून दूर, डाख देऊन जोडतां येते. तेवढें घरींहि जमतें.

जुने सेल काढण्यापूर्वीं त्यांची मांडणी कागदावर उतरून घ्यावी. कोणता उलटा, कोणता सुलटा, पहारेकरी कोणत्या दोघांच्या मध्यें, तें सर्व. नव्या सेलांवरील प्लॅस्टिकचें वेष्टन कोठें फाटलेलें नाहीं हें पाहावें, कारण सेलचें सबंध अंग ऋण टोंक असतें आणि धन टोंक त्याच्यापासून एका पातळ कड्यानेंच वेगळें राहतें. आणि काम करतांना हातांतील घड्याळ व अंगठी काढून ठेवावी. भरलेल्या सेलांच्या दोन टोंकांमध्यें अंगठी सांपडली तर ती क्षणांत लाल होते, आणि लाल झालेली अंगठी बोटांतून निघत नाहीं.

दुसरा मोह अधिक सांठ्याचा. कॅडमियमच्या जागीं त्याच मापाचा निकेल-मेटल-हायड्राइड सेल बसतो, दाबहि १.२ व्होल्टच, आणि सांठा मात्र १३०० च्या ऐवजीं ३०००. मग तोच कां घेऊं नये? घेतां येतो, पण आधीं चार्जरला विचारावें लागतें. चार्जरला सेल भरला हें कळतें कसें, तेंच येथें पाहिलें पाहिजे. निकेल-कॅडमियमचा सेल भरत असतां जवळजवळ थंड राहतो. पोट भरलें कीं आंत जाणारी वीज सांठविली न जातां उष्णता होऊं लागते. सेल एकदम तापतो, आणि त्याचा दाब शिखर गांठून किंचित् खालीं उतरतो, प्रत्येक सेलमागें एक-दोन शतांश व्होल्ट. चांगला चार्जर हा उतार, किंवा ती अचानक आलेली उष्णता ओळखून थांबतो. हायड्राइडचा सेल भरतांना पहिल्यापासूनच तापत जातो, आणि त्याचा शिखरावरचा उतार फार लहान, अर्ध्या शतांश व्होल्टाच्या घरांतला. कॅडमियमसाठीं बनविलेल्या चार्जरला तो उतार दिसत नाहीं, आणि तो भरलेल्या पोटांत भरीत राहतो. अशा वेळीं तो वाटाण्याएवढा पहारेकरीच काय तो उरतो. तो कापून टाकला असेल तर कोणीच उरत नाहीं. म्हणून चार्जरवर दोन्ही जातींचीं नांवें छापलेलीं असतील तरच हायड्राइड घ्यावा. नसतील तर जुन्या जातीचाच सेल बरा. कारखान्यांत हा विचार केव्हांच झालेला असतो. घरीं तो कोणी करीत नाहीं, आणि मग नव्या सेलांना नांवें ठेवतात.

तिसरा मोह लिथियमचा, आणि तो सर्वांत धोक्याचा. लॅपटॉपच्या बॅटरींतून निघणारा, १८ मिलिमीटर रुंद व ६५ मिलिमीटर उंच असा ‘१८६५०’ सेल आज सर्वत्र मिळतो. त्याचा दाब ३.६ व्होल्ट, चार सेल म्हणजे १४.४ आणि पांच म्हणजे १८. जुन्या बॅटऱ्यांचेहि हेच आंकडे! हा योगायोग पाहून कित्येकांना वाटतें कीं जुन्या डब्यांत बारांच्या जागीं चार घातले कीं झालें. पण लिथियमला भरल्यानंतरचा उतार नाहींच. एका सेलचा दाब ४.२ व्होल्टवर पोंचतांच भरणें थांबावें लागतें. जुना चार्जर ज्या खुणेची वाट पाहतो ती खूण कधीं येत नाहीं, आणि सेल आंतून पेटूं शकतो. पेटलेला लिथियमचा सेल शेजारच्या सेललाहि पेटवितो. निकेलचा सेल चुकीला रुसतो. हा जीव घेतो. शिवाय प्रत्येक सेलवर स्वतंत्र नजर ठेवणारें रक्षक-मंडल लागतें, मोटरला पुरेल इतका प्रवाह देणारे खास सेल लागतात, आणि चार्जरहि लिथियमचाच लागतो. हें सर्व ज्याला येतें त्यानें अवश्य करावें. नुसती हौस असलेल्यानें घरांत, मुलें झोपतात त्या खोलींत, करूं नये. बाजारांत ‘९९००’ असा सांठा छापलेले सेलहि दिसतात. नामांकित कारखान्यांचे या मापाचे सेल साधारणतः ३६०० च्या आंतबाहेर थांबतात, तेव्हां ९९०० चा आंकडा म्हणजे विकणाऱ्याच्या नीतीचें मापच समजावें. जुन्या यंत्राला नव्या कंपनीची लिथियम-बॅटरी लावण्यासाठीं मधला जोड-तुकडा मिळतो, तो त्यांतल्या त्यांत बरा. पण कांहीं बॅटऱ्यांत रिकाम्या झाल्यावर थांबविण्याची सोय बॅटरींत नसून त्यांच्या स्वतःच्या यंत्रांत असते; जुन्या यंत्राला तें ठाऊक नसतें, आणि तें बॅटरीला तळाखालींहि खरवडतें. येथेंहि आवाज उतरला कीं थांबणें हाच उपाय.

बॅटरी नकोच असेल तर तार आहे. ज्या दुकानांत इन्व्हर्टरची १२ व्होल्टची मोठी बॅटरी आहे तेथें १२ व्होल्टचें ड्रिल तिच्यावर उत्तम चालतें. जुन्या बॅटरीचा सेल काढलेला रिकामा डबाच खांचेंत बसवावयाचा, आणि त्याच्या दोन पत्र्यांपासून तार काढावयाची. घरांतल्या बटणाच्या दिव्याची तार मात्र येथें चालत नाहीं. तीन मीटर लांब जोडतार म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तांबें. तें एक चौरस मिलिमीटर जाडीचें असेल तर त्याचा विरोध सुमारें ०.१ ओहम, २० अँपिअर प्रवाहाला तारेंतच २ व्होल्ट खर्च होतात आणि ड्रिल मेल्यासारखें फिरतें. चार चौरस मिलिमीटरची तार घेतली कीं नुकसान अर्ध्या व्होल्टावर येतें. मोठ्या बॅटरीच्या टोंकाशींच ३० अँपिअरचा फ्यूज बसवावा. तार कोठें चेंगरली तर तोच आग थांबवितो.

काढलेल्या सेलांचें काय करावें, हा प्रश्न घराघरांत सर्वांत शेवटीं येतो आणि बहुधा कचऱ्याच्या डब्यांत सुटतो. कॅडमियमनें काय होतें तें जपाननें पाहिलें आहे. तोयामा प्रांतांतील जिंझू नदींत खाणींतून कॅडमियम येत असे; त्या पाण्यावर पिकलेला तांदूळ खाणाऱ्यांचीं हाडें इतकीं ठिसूळ झालीं कीं नुसत्या खोकल्यानें मोडत, आणि त्या रोगाला लोकांनीं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतें-दुखतें’, असेंच नांव दिलें. जपान सरकारनें १९६८ मध्यें त्याचा संबंध या धातूशीं असल्याचें मान्य केलें. आपल्याकडे २००१ चे बॅटरीविषयक नियम केवळ शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्यें निघालेल्या नियमांनीं सर्व जातींच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारांत आणणाऱ्यांवर टाकली. म्हणून मेलेले सेल टोंकांना चिकटपट्टी लावून एका डब्यांत ठेवावे आणि बॅटऱ्या किंवा विद्युत्-भंगार घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावे. युरोपियन संघाच्या २०२३ च्या कायद्यांत आणखी एक कलम आहे, तें येथें सांगण्याजोगें: यंत्रांतील बॅटरी घेणाऱ्याला स्वतः काढतां-घालतां आली पाहिजे, आणि मॉडेलचें शेवटचें यंत्र बाजारांत आल्यानंतर किमान पांच वर्षें तिची बॅटरी मिळत राहिली पाहिजे. त्यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख धरण्यांत आली. पांच वर्षें कांहींच नसण्यापेक्षां बरीं. पण मिस्त्रीचें ड्रिल बारा वर्षांचें आहे.

त्याच्या दोन बॅटऱ्यांचा हिशेब असा बसतो. एका डब्यांत पट्ट्या लावलेले दहा नवे निकेल-कॅडमियमचे सेल, कारण त्याच्या चार्जरवर दुसऱ्या जातीचें नांव नाहीं. पहारेकरी होता त्याच जागीं. दुसरा डबा रिकामा करून त्यांतून जाड तार काढलेली, दुकानांतल्या टेबलाखालच्या मोठ्या बॅटरीपर्यंत. लोकांच्या घरीं जातांना पहिला डबा, दुकानांत बसून काम करतांना दुसरा. नव्या सेलांना पहिल्या खेपेस, जमल्यास, सांठ्याच्या दहाव्या हिश्श्याइतक्या मंद प्रवाहानें चौदा ते सोळा तास भरावें. दुकानांतून आलेले सेल सारखे भरलेले नसतात, आणि सावकाश भरल्यानें ते एका पातळीवर येतात. पहिल्या दिवशीं यंत्र जरा मंद वाटलें तर सेल वाईट निघाले असें समजून दुकानदाराशीं भांडावयास जाऊं नये. दोन-तीन वेळां भरून-रिकामे झाल्यावर ते पूर्ण ताकद देऊं लागतात.